डाव्या खांद्यावरचा दोर

दि. ६ जानेवारी

चि. भिंग हिला अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या हाती पडायच्या आधी जे गृहस्थ गेटवर ते फोडून वाचतात, त्यांनाही माझा नमस्कार. वाचून झाल्यावर पाकीट नीट चिकटवावं, मागच्या खेपेला अर्धं उघडंच आलं होतं, असं त्यांना सांग. किंवा राहू दे. आत्ता त्यांनी वाचलंच असेल.

फोन गेटवर जमा, पत्रं तपासून सोडणार, शूटिंग संपेपर्यंत कुंपणाबाहेर पाऊल नाही. अगं, ही नोकरी आहे की जन्मठेप? आणि एवढा बंदोबस्त कशासाठी, तर म्हणे नव्या सिनेमाची गोष्ट फुटू नये! नायक निघणार, खजिना सापडणार, खलनायक खड्ड्यात पडणार. आणखी काय असतं तुमच्या साहसपटात? ती गोष्ट मी तुम्हाला फुकट लिहून दिली असती.

आता कामाचं. तुमचा मागचा सिनेमा, तो विहिरीतल्या खजिन्याचा, हल्ली घरबसल्या टीव्हीवर बघता येतो. आधीच्या शॉटमध्ये जे जसं होतं ते पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे ना, हे बघणं म्हणजे कंटिन्युइटी, आणि तेच तुझं काम, असं तूच मला शिकवलंस. मग ऐक. नायक टोपीसकट नदीत पडतो आणि काठावर येतो तो टोपी कोरडी ठणठणीत. तळघरात शिरताना गालावर दाढीचं रान, बाहेर पडताना गाल गुळगुळीत. आत न्हावी बसवला होता काय? आणि हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्याच्या दाढेत चांदी! प्राचीन राजांच्या पदरी दातांचे डॉक्टर होते, हा शोध इतिहासाचा मास्तर असून मला लागला नाही. पण सगळ्यात मोठा मासा शेवटी गळाला लागला. बूट नदीत गेलेले, म्हणून नायक अनवाणी विहिरीत उतरतो. तेव्हा दोर त्याच्या डाव्या खांद्यावरून गेलेला आहे. पुढच्याच क्षणी तो घसरून कोसळतो आणि तेव्हा दोर उजव्या खांद्यावर! लोंबकळता लोंबकळता खांदा बदलणारा माणूस मी अजून पाहिला नाही. पक्षांतर करणारे पाहिलेत, पण ते जमिनीवर उभे राहून करतात. भिंगाला तडा गेला म्हणायचा!

तुझा दादा, आमचे चिरंजीव, आतल्या खोलीत आहे तसाच आहे. कमरेखाली दोन ओंडके. त्याला थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागतं, म्हणून मीही या तिसऱ्या मजल्यावर जखडलोय. सभा बंद, वाचनालय बंद. श्रोता एकच, तोही भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. का, ते तू जाणतेस. जेवणाच्या सुट्टीत कुणी सांगितलेलं नसताना मर्दुमकी दाखवायला एकटाच विहिरीत उतरला, दोर स्वतः बांधला आणि चुकीचा बांधला. कंपनीने तसं लिहून समोर ठेवलं, याने मुकाट सही केली. त्यावरून स्टंटवाल्यांच्या संघटनेने त्याचं कार्ड काढून घेतलं. कारखान्यांच्या दारात उभं राहून मी आयुष्यभर कामगाराची बाजू मांडली. ज्याला बाजूच नाही असा पहिला कामगार भेटला, तो माझ्याच घरात.

त्याच्याऐवजी नंतर दुसरा डुप्लिकेट उतरवला, असं कंपनीचा माणूस सांगत होता. काय उतरलाय तो! आणि पडताना फोडलेली ती किंकाळी, अंगावर काटा येतो. मी तेवढा भाग मागे नेऊन नेऊन ऐकतो. काल दादाला म्हटलंसुद्धा, तेच काम दुसऱ्याने कसं चोख केलंय ते जरा ऐक. त्याने उशी कानावर ओढली.

टीका गोड मानून घे आणि माया आहे तेवढी ठेव.
तुझा
तोफखाना काका

*

दि. १४ जानेवारी

ती. काकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं आणि पाकीट या वेळी खरंच नीट चिकटवलेलं होतं. तुमची तोफ गेटपर्यंत पोचते म्हणजे नवल आहे.

टोपीचं असं झालं की नायकाला सर्दीची धास्ती. ओली टोपी डोक्यावर घेणार नाही म्हणून तो अडून बसला. मी ओली टोपी हातात धरून उन्हात उभी, आणि डायरेक्टरसाहेब म्हणाले की नायकाच्या शिंकेपेक्षा कोरडी टोपी परवडली. दाढीचं म्हणाल, तर बाहेर पडायचं शूटिंग आधी झालं आणि आत शिरायचं चार महिन्यांनी. आमच्याकडे माणूस आधी सुटतो आणि मग अडकतो, काका. सांगाडा खराखुरा होता, एका वैद्यकीय कॉलेजातून उसना आणलेला. सगळ्या युनिटमध्ये सांगितलेल्या जागेवरून न हलणारा तो एकटाच, म्हणून माझा त्याच्यावर फार जीव. त्याची दाढ बघायचं मला सुचलं नाही, ही चूक कबूल.

आमचा तळ एका जुन्या खाणीत आहे. चहूबाजूंनी कापलेला दगड, मध्ये पत्र्याच्या खोल्या. माझ्या खिडकीसमोर सेटची मागची बाजू येते. समोरून तो भक्कम किल्ला आहे, मागून बांबू, प्लायवूड आणि सुतारांनी वाळत घातलेले बनियन. रोज सकाळी उठून मी किल्ल्याची पाठ बघते. बाहेरचं काही दिसायचं तर वर मान करावी लागते.

दादाशी थोडं गोड बोला. मला माहीत आहे, तुम्हाला ते भाषणाइतकं सोपं नाही. आणि एक विनंती, विहिरीचा तो भाग मोठ्या आवाजात लावत जाऊ नका. हात जोडते.

गुडघ्यांना जपा, आणि रागावलात तरी पत्र पाठवायला चुकू नका.
आपली
भिंग

*

दि. २२ जानेवारी

चि. भिंग हिला आशीर्वाद, आणि गेटवरच्या भाऊसाहेबांना पाकिटाबद्दल शाबासकी.

टोपीचं उत्तर आलं, दाढीचं आलं, दाढेचं आलं. दोराचं कुठे आहे? मी चाळीस वर्षं वादविवाद केलेत. समोरचा ज्या मुद्द्याला बगल देतो तिथेच त्याचं ठसठसत असतं. तू लहानपणापासून माझ्या घरात वाढलीस. कपाट उघडं राहिलं तर चिमणीने उघडलं असेल असं सांगायचीस, पण काही ना काही सांगायचीस. गप्प बसणं तुझं नव्हे.

आवाज कमी करा म्हणालीस. का करू? घर माझं, टीव्ही माझा. काल दादाने कितीतरी दिवसांनी तोंड उघडून काही मागितलं. मधलं दार लावून घ्या, म्हणाला. मला वाटलं, चला, पोराला केल्याचा पश्चात्ताप होतोय. दार लावलं नाही. पश्चात्तापाला हवा लागू द्यावी.

कठोर वाटलो ना? वाटू दे. पण मीही माणूस आहे. परवा त्याला कुशीवर वळवताना तळवा हातात आला. मऊ पडलाय, पांढरा. याच तळव्यापायी मी त्याला किती बडवलंय! पाण्याच्या टाकीवर चढायच्या आधी उजवा तळवा डाव्या पोटरीला पुसायची त्याला खोड. शाळेची विजार पांढरी, तिच्यावर पोटरीशी कायम काळा डाग. तुझी काकू साबण घासून घासून दमायची आणि मी छडी मारून मारून. खोड गेली नाही. आता ना चढणं, ना डाग. विजारी स्वच्छ आहेत सगळ्या.

असो. दोराचं उत्तर पाठव. वाट पाहतो, आणि वाट पाहणं मला जमत नाही.
तुझा
काका

*

दि. २९ जानेवारी

प्रिय दादास, सप्रेम नमस्कार.

हे पत्र गेटवरून नाही, कपडे धुणाऱ्या मावशींच्या गाठोड्यातून आणि पुढे शेजारच्या काकूंच्या हातून येतंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. उत्तरही काकूंकडूनच मावशींच्या पत्त्यावर पाठव.

मला आता हे सहन होत नाही रे. काका लिहितात की ते विहिरीचा भाग मागे नेऊन नेऊन ऐकतात. त्यांना वाटतं तो दुसरा कुणीतरी आहे. ते त्याचं कौतुक करतात आणि तुला टोचून बोलतात. तू उतरलास तेव्हा कॅमेरा चालू होता, हे सांगायला मला एक ओळ पुरे. पहिल्या खेपेला दोर तुझ्या पद्धतीने डाव्या खांद्यावर होता, वरचा हुकही डावीकडे, खालच्या गाद्याही डावीकडे. नायकाच्या सकाळच्या क्लोजअपमध्ये दोर उजवीकडे होता, ते माझ्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं होतं की लांबून कुणाला कळणार नाही, असू दे. डायरेक्टरला ते पटलं नाही, दुसऱ्या खेपेला दोर उजवीकडे घ्यायला लावला. हुक हलवायला तू वेळ मागितलास, तर ऊन जातंय म्हणून तुझ्यावर ओरडले. तू माझ्याकडे बघितलंस, डाव्या खांद्याला हात लावलास. मी मान हलवून खुणावलं, उतरू नकोस. तेवढ्यात त्यांनी सुरू करायला सांगितलं आणि तू गेलास. दगडाच्या कडेवर दोर घासला आणि तू गाद्या सोडून पडलास.

नंतर एडिटिंगमध्ये काय केलं? पाऊल टाकतानाचा तुकडा पहिल्या खेपेचा घेतला आणि पडण्याचा दुसऱ्या खेपेचा. पडणं फार खरं वाटतंय, म्हणाले. मी तिथे उभी होते.

तू मला बोलायचं नाही म्हणून शपथ घातलीस. ती मागे घे, एवढंच मागते.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली
भिंग

*

दि. ५ फेब्रुवारी

चि. भिंग, अनेक आशीर्वाद.

शपथ मागे घेणार नाही. नीट ऐकून घे. माझ्या पाठीचे उपचार कंपनी करते, ते त्या सहीच्या जोरावर. तू तोंड उघडलंस तर तुझी नोकरी जाईल आणि या धंद्यात तुला पुन्हा कुणी उभं करणार नाही. आणि बाबांना कळलं तर काय होईल ते तुला वेगळं सांगायला हवं का? ते टेबल गेटपर्यंत घेऊन जातील आणि त्यावर उभे राहून भाषण ठोकतील. उपचार त्याच दिवशी बंद. तेव्हा एकाने रागवावं, एकाने ऐकून घ्यावं आणि एकीने दुरून पत्रं लिहावीत, हेच बरं चाललंय.

खरं सांगू का, रागावलेला बाप सोसतो. बापाला माझी कीव आलेली सोसणार नाही.

फक्त तो आवाज. मधलं दार ते लावत नाहीत. सकाळचा चहा झाला की टीव्ही लागतो, आणि भिंतीपलीकडून मला माझीच किंकाळी ऐकू येते. मग ती मागे नेतात आणि पुन्हा ऐकतात. एकदा तर टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझ्या कामाला टाळी दिली गं, आणि मला उठून दारात उभं राहता आलं नाही. हसलो मी. तूही हस.

बाकी माकडाला सगळं सुख आहे, फक्त झाड नाही.

काळजी करत बसू नकोस, माझ्यावरचा जीव तेवढा कमी करू नकोस.
तुझा
दादा

*

दि. १२ फेब्रुवारी

ती. काकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

दोराचं उत्तर मला देता येत नाही. का देता येत नाही हेही सांगता येत नाही. पण तुम्हीच म्हणायचात की शिक्षकाने उत्तर देऊ नये, डोळे द्यावेत. तेवढं मी करू शकते. आमच्या कामात कसं बघतात ते सांगते.

प्रेक्षक नायकाचा चेहरा बघतात. चुका शोधणारे वस्तू बघतात: टोपी, दाढी, दोर. तुम्ही त्यातले. एखादी वस्तू जागेवर नाही असं दिसलं की त्यांना आनंद होतो, टाळी वाजवतात आणि पुढच्या चुकीकडे जातात. वस्तू कुणाच्या अंगावर आहे हे कुणी बघत नाही. सिनेमात नायकाचा चेहरा विकला जातो, काम मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांनी होतं. एखाद्या शॉटमध्ये काय घडलं हे मला खरंच कळायला हवं असेल, तर मी आवाज पूर्ण बंद करते आणि वरून खाली न बघता खालून वर बघते. पाय, मग हात, मग मान कुठे वळली ते.

विहिरीचा भाग एकदा असा बघा. एकदाच. मग पुन्हा कधी लावू नका.

इथे सुतारांनी किल्ल्याची एक भिंत काढून दुसरीकडे नेली. तिच्या जागेतून आता खाणीचा दगड दिसतो. एक अडसर गेला की मागे दुसरा असतोच.

माझ्यावर राग धरा, पण आशीर्वादाचा हात काढू नका.
आपली
भिंग

*

दि. १९ फेब्रुवारी

भिंग,

आशीर्वाद आहेतच. आज मायना राहू दे.

आवाज बंद केला. खालून वर बघितलं. विहिरीच्या काठावर एक अनवाणी माणूस उभा आहे. पाऊल टाकायच्या आधी त्याने उजवा तळवा डाव्या पोटरीला पुसला.

पुढे काही दाखवायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. त्याच्या डाव्या खांद्यावर दोर, वर हुक डावीकडे. तो माणूस चुकलेला नाही! मग दुसरा तुकडा. दोर उजवीकडे, हुक तिथेच. तो मान वळवून चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघतो आणि रिकाम्या डाव्या खांद्याला हात लावतो. विचारतोय. माझा मुलगा विचारतोय आणि त्याला उत्तर मिळत नाही. लोकांना तो नायकाच्या भीतीचा अभिनय वाटतो. मलाही वाटला होता. मी त्याला चोख म्हटलं होतं. मी टाळी वाजवली होती, भिंग! ज्या घरात तो पडलाय त्याच घरात, मधलं दार उघडं ठेवून, मी त्याची किंकाळी त्यालाच ऐकवत होतो.

आता गेटवरच्या भाऊसाहेब, तुमच्याशी. हे पत्र तुम्ही थांबवू शकता. थांबवा हवं तर. पण माझ्या पुतणीने मला काहीही सांगितलेलं नाही, याला तुमच्याइतका दुसरा साक्षीदार नाही, तिची सगळी पत्रं तुमच्या डोळ्यांखालून गेलीत. मला सांगितलं ते सिनेमाने. जो सिनेमा गावोगाव लोक बघून बसलेत, तो कुठल्या कलमाखाली गुप्त ठेवणार? नोकराला गप्प बसवता येतं, रुग्णाला सहीने बांधता येतं. प्रेक्षकाला कोण बांधणार? मी प्रेक्षक आहे. मला दिसलं ते मी बोलेन.

आणि यातलं सगळ्यात भयंकर काय आहे ते ऐका. खांदा जुळत नाही म्हणून त्याला दोर बदलायला लावला असणार, दुसरं कारणच नाही. ती एक चूक सिनेमात राहू नये म्हणून माणसाचं कंबरडं मोडलं. आणि ती चूक सिनेमात आहे तशीच आहे! जगात कुणाच्या लक्षातसुद्धा आली नाही. लक्षात आली ती एका रिकामटेकड्या म्हाताऱ्याच्या, आणि त्याने ती गंमत म्हणून पुतणीला कळवली.

दादाशी अजून बोललो नाही. हजारोंच्या सभेत शब्दासाठी अडलो नाही, इथे आठ पावलांवरच्या खोलीत जाववत नाही. आधी संघटनेत जातो.

तू बोलू नकोस. तुझ्या वाटचं मी बोलतो.
तुझा
काका

*

दि. ६ मार्च

चि. भिंग, अनेक आशीर्वाद.

हे पत्र गेटवरून येतंय, कारण लपवायचं आता काही उरलं नाही.

बाबा संघटनेत जाऊन आले. माझ्यापाशी शेजारच्या काकूंना बसवलं, इस्त्रीचा सदरा घातला. मी म्हटलं, आता होतंय भाषण. तिथे जे होते त्यांनी सांगितलं की बाबांनी तोंडच उघडलं नाही. टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि तो भाग दाखवला. पहिल्यांदा सगळे नुसते बघत राहिले. दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा म्हातारे फाइट मास्टर खुर्चीवरून उठले, पडद्याजवळ गेले आणि हुकावर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा लावायला कुणी सांगितलं नाही.

माझी चूक नव्हती, हे त्यांनी मानलंय. पण कार्ड परत द्यायचं आणि कंपनीला जाब विचारायचा, तर दोर बदलायला कुणी लावलं हे सांगणारं माणूस लागेल, असं ते म्हणाले. माझ्या सहीपुढे माझ्या शब्दाला वजन नाही. पडद्यावर मी ज्याच्याकडे बघतोय तो माणूस कोण, असं त्यांनी घरी येऊन मला विचारलं. मी सांगितलं की आठवत नाही. बाबांनाही विचारलं. त्यांना आतापर्यंत कळून चुकलंय की ती तू. तरी, भिंग, जिंकायला एकच मुद्दा उरलेला असताना तो त्यांनी गिळला. माहीत नाही, म्हणाले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कंपनीने उपचारांची गाडी पाठवणं सध्या थांबवलंय. ते फाइट मास्टर दुसरी व्यवस्था बघतायत. आपण तिघंही होतो तिथेच आहोत, फक्त मधलं दार आता बंद असतं. आणि टीव्हीसुद्धा.

बाबांनी माफी मागितली नाही. ती भाषा त्यांना येत नाही. त्या दिवशी संघटनेतून आले, चपला काढल्या आणि तडक आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले. बराच वेळ माझे पाय बघत होते. मग माझा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला आणि तळवा आपल्या पांढऱ्या विजारीला पुसला. तळव्याला धूळ कुठून असणार? तरी पुसला, दोनदा. मला स्पर्श काही कळला नाही, पण मी बघत होतो. मग विजार झटकत उठले आणि आई आज असती तर दोघांनाही ओरडली असती, असं म्हणून चहा ठेवायला गेले.

तू येऊ नकोस. तुझी ती खाण, तो प्लायवूडचा किल्ला सांभाळ. आम्ही सांभाळतो आमचं.

लोभ आहे, तो कुठे जाणार? तोही इथेच अडकलाय.
तुझा
दादा

*

दि. १३ मार्च

प्रिय दादास, सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आज मिळालं आणि दुपारी मी डायरेक्टरसाहेबांना सांगितलं की मी जातेय. शूटिंग अर्धवट आहे, म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या शॉटमध्ये मी नसेन, आणि ही चूक लपवायची तर तुम्हाला दुसरं कुणी शोधावं लागेल. परत कुठे काम मिळणार नाही, असंही म्हणाले. तेही ऐकून घेतलं. तुम्ही दोघंजण माझं नाव गिळून बसलात. आता ते मीच सांगणार. पडद्यावर तू माझ्याकडे बघून विचारलं होतंस. त्याचं उत्तर कॅमेऱ्यात आलं नाही, ते मी माणसांसमोर देईन. शपथ मोडतेय. रागावायचं तर काकांकडून शिकून घे.

बॅग घेऊन गेटवर आले. पत्रं वाचणारे भाऊसाहेब मी पहिल्यांदाच नीट पाहिले. पन्नाशीचे, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. फोन काढून दिला. वहीत माझ्या नावापुढे बाहेर जाण्याचं कारण लिहायचं होतं, ते त्यांनी मला न विचारताच घरचं आजारपण असं लिहिलं. काकांचं फेब्रुवारीचं पत्र वर दाखवायला हवं होतं, पण त्या दिवशी चष्मा सापडत नव्हता, म्हणाले. काकांना सांगा की पाकिटाला आता मी घरून गोंद आणतो, असंही म्हणाले.

हे पत्र मी गेटच्या बाकावर बसून लिहितेय. सामानाची गाडी यायची आहे, ती मला स्टेशनावर सोडेल. ती गावाच्या पोस्टावरूनच जाते, आणि मी आधी संघटनेत जाऊन मगच घरी येणार, तेव्हा हे पत्र बहुतेक माझ्याआधी पोचेल. मी पाकीट भाऊसाहेबांपुढे धरलं. त्यांनी ते उघडलं नाही. हातात घेऊन थोडा वेळ उलटसुलट केलं आणि मग खालच्या आवाजात विचारलं, दादांच्या पायाला काही हालचाल?

मी म्हटलं, जाऊन बघते.

बाकी समक्ष.
तुझी
भिंग